पाण्याची वाटणी झाली, सांडपाण्याची राहिली



आपल्या घरात दिवसाला शंभर लिटर पाणी आलं, तर त्यातलं खरोखर संपतं किती? प्यायला आणि स्वयंपाकाला लागतं ते थोडंच. बाकीचं धुण्याला, भांड्यांना, आंघोळीला आणि संडासाला लागतं, आणि मोरीवाटे बाहेर जातं. हा हिशेब आपण घरात कधी मांडत नाही. पण पन्नास वर्षांपूर्वी तो मांडला गेला आहे, आणि तोही आपल्याच नदीच्या पाण्यासाठी. कृष्णेच्या पाण्याचं भांडण सोडवायला केंद्र सरकारने 1969 साली लवाद नेमला. न्यायमूर्ती बच्छावत त्याचे अध्यक्ष होते. 1973 साली त्यांचा निवाडा आला. त्यात एक नियम आहे. खोऱ्यातल्या गावांनी आणि शहरांनी घरगुती वापरासाठी नदीतून जेवढं पाणी उचललं, त्याचा फक्त 20 टक्के भाग वापर म्हणून मोजायचा. कारखान्यांनी उचललेल्या पाण्यापैकी तर अडीच टक्केच मोजायचा. बाकीचं पाणी फिरून नदीत येतं, असं त्यामागचं गणित.

गणित बरोबरच आहे. आपल्या मोरीतून गेलेलं पाणी गटारातून ओढ्याला जातं आणि ओढ्यातून नदीला मिळतं. पण ते परत आलेलं ऐंशी टक्के पाणी कसं असेल, त्यात काय काय मिसळलेलं असेल, आणि ते खालच्या गावाने प्यायचं की नाही, हे त्या हिशेबात कुठेच नव्हतं. वाटणी पाण्याच्या मापाची झाली, त्याच्या स्वच्छतेची नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते या राहून गेलेल्या अर्ध्या हिशेबाबद्दल. कारण आपली नदी कोल्हापूर जिल्ह्यात थांबत नाही, ती कर्नाटकात जाते. आणि नदीबरोबर आपली घाणही सीमा ओलांडते.

आधी नदीची वाट बघू. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या, आणि लोकांच्या श्रद्धेतली गुप्त सरस्वती ही पाचवी, यांचा संगम प्रयाग चिखलीला होतो आणि तिथून पंचगंगा सुरू होते. ती कोल्हापूर शहराला वळसा घालते, हातकणंगले तालुक्यातून इचलकरंजीजवळून जाते आणि शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. पुढे कृष्णा कुरुंदवाड, खिद्रापूर, राजापूर करत कर्नाटकात शिरते. मग यडूर, मांजरी, उगार, कुडची ही गावं लागतात. त्याच्याही खाली अलमट्टी धरण आहे.

ही झाली एक वाट. दुसरी दूधगंगेची. ती राधानगरी तालुक्यातून निघून कागलवरून पुढे जाते. भुदरगडात उगम पावणारी वेदगंगा मुरगूडवरून निपाणीच्या बाजूला जाते आणि कर्नाटकात दूधगंगेला मिळते. हीच दूधगंगा मग पुन्हा आपल्या शिरोळ तालुक्यातल्या दत्तवाडला येऊन टेकते. तिथे दत्तवाड-एकसंबा आणि दत्तवाड-मलिकवाड असे बंधारे आहेत. त्यांचं एक टोक महाराष्ट्रात आहे, दुसरं कर्नाटकात. तिसरी वाट हिरण्यकेशीची. ती आजरा आणि गडहिंग्लज ओलांडून संकेश्वरला जाते आणि पुढे घटप्रभेला मिळते.

ही वाट सांगायचं कारण असं की, 'वरचे' आणि 'खालचे' हे शब्द आपण सहज वापरतो, पण नदीवर कायमचं वरचं कोणी नसतं. कागल दत्तवाडच्या वर आहे. निपाणीकडचा भागही दत्तवाडच्या वर आहे. कोल्हापूर इचलकरंजीच्या वर, इचलकरंजी कुरुंदवाडच्या वर, आणि कुरुंदवाड यडूरच्या वर. प्रत्येक गाव कोणाच्या तरी खाली आहे आणि कोणाच्या तरी वर.

सीमा या नदीला नवी नाही. संस्थानी काळात पंचगंगेच्या काठाने चाललं, तरी कोल्हापूर दरबाराचा मुलूख, इचलकरंजीकर घोरपड्यांची जहागीर आणि कुरुंदवाडकर पटवर्धनांचं संस्थान असे वेगवेगळे अंमल लागत. तेव्हाही नदी एकच होती. पण तेव्हाच्या गावांतून नदीत जाणारं जे काही होतं, ते नदी पचवू शकत होती. राख, शेण, माती, फुलं यांचं ती काही दिवसांत पाणी करून टाकायची. जिथे साबणाची पावडर नाही, रंगाची रसायनं नाहीत आणि प्लास्टिक नाही, तिथे सीमेपलीकडे जाण्यासारखी घाणही थोडीच.

विसाव्या शतकात हे बदलत गेलं. छत्रपती शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम सुरू केलं आणि स्वातंत्र्यानंतर ते पुरं झालं. धरणाचं पाणी नदीतूनच सोडायचं आणि जागोजागी बंधारे घालून अडवायचं, अशी पद्धत इथे रुजली. पावसाळ्यानंतर बरगे घालायचे, पाणी तुंबवायचं, मोटारींनी उपसायचं. या बंधाऱ्याला साऱ्या महाराष्ट्रात 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' असंच नाव पडलं. त्याने आपल्या शेतात ऊस आणला आणि गावागावात पैसा आणला. पण त्याचबरोबर नदीचा स्वभाव बदलला. आठ महिने ती वाहती राहिली नाही. बंधाऱ्याबंधाऱ्याने तुंबलेली, डबक्यांची माळ झाली. आणि साचलेल्या पाण्यात घाण लवकर सडते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. पुढे तिथे मागांचं शहर उभं राहिलं. मागांच्या पाठोपाठ सूत सायझिंगला जाऊ लागलं, कापड प्रोसेसला जाऊ लागलं, रंगाचं पाणी ओढ्याला मिळू लागलं. जिल्ह्यात साखर कारखाने उभे राहिले आणि 'मळीमिश्रित पाणी' हा शब्द वर्तमानपत्रात दर उन्हाळ्यात दिसू लागला. कोल्हापूरची नगरपालिका 1854 सालची, महानगरपालिका झाली 1972 साली. शहर वाढलं तशी नळाला पाणी आणण्याची सोय वाढली, पण वापरलेलं पाणी नेण्याची सोय मागे राहिली. बालिंगा आणि शिंगणापूरला, म्हणजे शहराच्या वरच्या अंगाला पाणी उपसायचं आणि जयंती, दुधाळी या नाल्यांनी खालच्या अंगाला सोडायचं, असंच वर्षानुवर्षं चाललं.

ही वाढ होत असतानाच नदीवर नव्या रेघा पडल्या. 1949 च्या मार्चमध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, चिकोडी, निपाणीचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. 1960 साली महाराष्ट्र झाला. सीमाभागाचा प्रश्न आजही सुटलेला नाही. त्यावर इथल्या माणसांनी तुरुंगवास भोगला आहे, लाठ्या खाल्ल्या आहेत, आणि त्या भावनेचा आम्हाला आदर आहे. पण रेघ कुठेही असो, ती ओलांडून सोयरीक चालूच राहिली. लेक कागलची, सासर निपाणीचं, हे आपल्याकडे नवल नाही. वाडीला दत्ताच्या दर्शनाला कर्नाटकातून माणसं येतात, आणि आपल्याकडची माणसं चिंचलीला मायाक्काच्या यात्रेला आणि यडूरला वीरभद्राच्या दर्शनाला जातात. तेव्हा खालच्या गावात पाणी पिणारी बाई परकी नाही. पुष्कळदा ती आपलीच लेक असते किंवा आपलीच नणंद.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. बच्छावत लवादाने एकूण 2060 टीएमसी पाणी वाटलं. महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700 आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला 800. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,800 कोटी लिटर. या आकड्यांवर पुढे दुसरा लवाद बसला, भांडणं झाली, ती अजून मिटलेली नाहीत. एकेका टीएमसीसाठी मोठमोठे वकील उभे राहतात. पाणी वाटून घ्यायला माणसं तयार असतात. घाणीचा वाटा मागायला मात्र कोणी लवादापुढे जात नाही.

प्रदूषणाचा कायदा वेगळ्या वाटेने आला. महाराष्ट्राने 1969 सालीच पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा केला, आणि 1970 च्या सप्टेंबरमध्ये आपलं प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. देशाचा जलप्रदूषण कायदा 1974 साली झाला आणि त्याच वर्षी कर्नाटकाचंही मंडळ उभं राहिलं. दोन मंडळं, दोन मुख्यालयं. एकाचं काम राजापूर बंधाऱ्याच्या अलीकडे संपतं आणि दुसऱ्याचं पलीकडे सुरू होतं.

याचा एक नमुना सांगतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली देशातल्या नद्यांच्या प्रदूषित पट्ट्यांची यादी केली. एकूण 351 पट्टे निघाले. त्यातले 53 एकट्या महाराष्ट्रातले, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. पंचगंगा त्यात आहेच. कृष्णा दोन्ही राज्यांच्या यादीत आहे. महाराष्ट्राच्या यादीत ती कुरुंदवाडपर्यंत येऊन थांबते आणि कर्नाटकाच्या यादीत यडूरवाडीपासून पुन्हा सुरू होते. राष्ट्रीय हरित लवादाने मग नद्या सुधारायला समित्या नेमायला सांगितलं, त्याही प्रत्येक राज्याने आपापली नेमायची. म्हणजे एकाच आजारी बाईचं डोकं एका दवाखान्यात दाखवायचं आणि पाय दुसऱ्या दवाखान्यात, आणि दोन डॉक्टरांनी एकमेकांचे कागद बघायचे नाहीत, अशातली ही गत.

पण त्याच 1974 च्या कायद्यात एक कलम आहे, ते आपल्याला माहीत असायला हवं. तेरावं कलम. शेजारशेजारच्या दोन किंवा अधिक राज्यांनी करार करून प्रदूषणासाठी संयुक्त मंडळ नेमता येतं, असं ते कलम सांगतं. खर्च कोणी किती करायचा, हेही करारात ठरवता येतं. त्याशिवाय राज्यांच्या मंडळांमध्ये मेळ घालण्याचं आणि त्यांच्यातले वाद सोडवण्याचं काम केंद्रीय मंडळाला दिलेलं आहे. म्हणजे दार कायद्यातच ठेवलेलं आहे. कृष्णेच्या या काठावर ते अजून उघडलेलं नाही.

हे न उघडल्याची किंमत कोण देतं? 2012 सालचा उन्हाळा इचलकरंजी विसरणार नाही. दूषित पाण्याने शहरात काविळीची साथ आली. हजारो माणसं आजारी पडली, काही दगावली. दूषित पाण्यातून येणाऱ्या काविळीचा एक विषाणू असा असतो की तो गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, फार धोकादायक ठरतो. घरात चार माणसांना कावीळ झाली की पथ्याचं जेवण, उकळलेलं पाणी, दवाखान्याच्या फेऱ्या आणि बुडालेली मजुरी, हे सगळं कोणाच्या अंगावर येतं, ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. त्याच वर्षी पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न जनहित याचिकेने मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाच्या दट्ट्यामुळे काही कामं हलली. कसबा बावड्याला रोज 76 दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र सुरू झालं, दुधाळीला 17 दशलक्ष लिटरचं उभं राहिलं. ही साधी गोष्ट नाही आणि तिचं श्रेय तक्रार लावून धरणाऱ्यांना द्यायला हवं.

तरीही उन्हाळा आला की तेरवाड आणि शिरोळच्या बंधाऱ्यांवर तेच दिसतं. पाण्यावर केंदाळ पसरतं, म्हणजे जलपर्णी. सांडपाण्यातली खतासारखी द्रव्यं खाऊन ती माजते. पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे पोट वर करून तरंगतात. मग कोणीतरी बरगे काढायला सांगतं. बरगे काढले की तुंबलेलं काळं पाणी, केंदाळ आणि मेलेले मासे पुढच्या बंधाऱ्याला जातात. तिथल्या लोकांना कळतं ते वास आल्यावर. असं ढकलत ढकलत सगळं कृष्णेला मिळतं. मग कृष्णेला सीमा कुठली?

शहरांनी यावर एक उपाय शोधला, तो म्हणजे अजून वर जायचं. इचलकरंजीने पंचगंगेवरची मदार कमी करून मजरेवाडीहून कृष्णेचं पाणी आणलं. मग वारणेचं मागितलं, मग सुळकूडहून दूधगंगेचं. त्या त्या नदीकाठच्या लोकांनी विरोध केला. दूधगंगेच्या बाबतीत तर सीमेपलीकडूनही विरोध झाला. कोल्हापूरने काळम्मावाडी धरणातून पन्नासेक किलोमीटरची थेट पाइपलाइन टाकली आणि 2023 च्या दिवाळीत ते पाणी शहरात आलं. स्वच्छ पाणी मिळणं हा शहरातल्या बाईचा हक्कच आहे, त्याला कोण नको म्हणेल? पण ज्या नदीचं पाणी आपण पीत नाही, तिच्याकडे बघणारे डोळे कमी होतात. आणि खालच्या खेड्यातली बाई कुठून पाइपलाइन टाकणार? तिच्या वाट्याला ते फिरून आलेलं ऐंशी टक्केच येतं.

मग दोन राज्यांना एकत्र येणं जमतच नाही का? जमतं, आणि आपल्याच जिल्ह्यात त्याचे दाखले आहेत. काळम्मावाडीचा दूधगंगा प्रकल्प हाच मुळात दोन राज्यांचा आहे. धरण आपल्याकडे, आणि त्यातलं 4 टीएमसी पाणी कर्नाटकाच्या वाट्याचं. अनेक उन्हाळ्यांत कर्नाटकाने पिण्यासाठी कृष्णेत पाणी सोडा म्हणून मागणी केली आहे आणि महाराष्ट्राने कोयना-वारणेचं पाणी सोडलं आहे. त्याच्या बदल्यात जत तालुक्यातल्या दुष्काळी गावांना कर्नाटकाच्या योजनेतून पाणी मिळावं, अशीही बोलणी झाली.

सगळ्यात मोठा धडा पुराने दिला. 2005 चा पूर आला, मग 2019 चा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांवर गेलं. शिरोळ तालुक्यात छपरापर्यंत पाणी होतं. अलमट्टीतून किती पाणी सोडलं जातंय, कोयनेतून किती येतंय, यावर दोन्हीकडून आरोप झाले. पण त्यानंतर दोन्ही राज्यांचे मंत्री आणि अभियंते एका टेबलाशी बसले. जून 2021 मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील बंगळूरला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले. पावसाची आणि विसर्गाची माहिती एकमेकांना वेळच्या वेळी द्यायची, असं बोलणं झालं. पुढच्याच महिन्यात पुन्हा मोठा पूर आला, अलमट्टीच्या उंचीचा वादही संपलेला नाही, हे खरंच. तरी आज पावसाळ्यात इकडच्या धरणाचा विसर्ग तिकडे कळवला जातो आणि तिकडचा इकडे. भांडण चालू असतानाही फोन चालू राहू शकतो, हे यातून दिसलं.

आमचं म्हणणं एवढंच, की पावसाळ्यात जो फोन होतो तो उन्हाळ्यातही व्हावा. पुराच्या पाण्याची माहिती तासातासाने जाते. मग बरगे काढण्याची, मासे मेल्याची, सांडपाण्याचा पंप बंद पडल्याची माहिती खालच्या गावाला आधी का जाऊ नये?

परदेशातलं एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. युरोपात ऱ्हाइन नावाची नदी स्वित्झर्लंडहून निघते, फ्रान्स आणि जर्मनीच्या काठाने जाते आणि नेदरलँड्समध्ये समुद्राला मिळते. नेदरलँड्स सगळ्यांच्या खाली. फ्रान्समधल्या खाणींचं मीठ नदीतून खाली यायचं आणि नेदरलँड्सच्या पिण्याच्या पाण्याला आणि शेतीला त्रास व्हायचा. दुसऱ्या महायुद्धात एकमेकांशी लढलेले देश त्यात होते. तरी 1950 साली त्यांनी नदीसाठी एक आयोग स्थापन केला. पंचवीसेक वर्षं बोलणी रेंगाळली. 1976 साली मिठाबद्दल करार झाला, तो अमलात यायलाही आणखी बरीच वर्षं गेली. पण त्या करारात खर्चाची वाटणी होती. फ्रान्सने 30 टक्के, जर्मनीने 30, नेदरलँड्सने 34 आणि स्वित्झर्लंडने 6 टक्के द्यायचे. बघा, ज्याला त्रास होत होता त्या खालच्या देशानेही पैसे दिले, तेही सगळ्यात जास्त. न्याय म्हणून बघितलं तर हे खटकतं. वरच्याने घाण केली, तर खालच्याने का भरावं? पण त्यांनी विचार केला की न्याय होईपर्यंत पाणी खारंच प्यायचं, त्यापेक्षा हे बरं.

मग 1 नोव्हेंबर 1986 च्या रात्री स्वित्झर्लंडच्या बाझेल शहराजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं आणि लाल रंग घेऊन नदीत गेलं. नदी लाल झाली आणि खालपर्यंत मासे मेले. लोक रस्त्यावर आले. पुढच्याच वर्षी देशांनी मिळून कार्यक्रम आखला. विषारी द्रव्यं निम्म्याने कमी करायची, अपघात झाला की खालच्या देशाला लगेच इशारा द्यायचा, आणि सन 2000 पर्यंत सामन मासा नदीत परत आणायचा. मासा हे उद्दिष्ट सगळ्यांना समजण्यासारखं होतं. कागदावरच्या आकड्यांपेक्षा मासा परत आला की नाही, हे लहान मुलालाही सांगता येतं. आणि तो परत दिसू लागला.

ऱ्हाइनकडे पैसा होता, आपल्याकडे तेवढा नाही, हे मान्य. पण इशारा देण्याला पैसा लागत नाही. आणि माणसांच्या सवयी बदलू शकतात, हे तर कोल्हापूरने स्वतःच दाखवलं आहे. गौरी-गणपतीच्या विसर्जनाला आपल्याकडे आता घाटावर काहिली ठेवलेल्या असतात. गुऱ्हाळातली जी काहिल रस आटवायला वापरतात, तिच्यात गणपतीचं विसर्जन होतं. मूर्तिदान होतं, निर्माल्य वेगळं गोळा होतं, मोठ्या मूर्ती इराणी खणीकडे जातात. सुरुवातीला यावर केवढं वादंग झालं! देव दान करायचा असतो का, असं विचारलं गेलं. पण घराघरातल्या बायकांनी आरतीनंतर मूर्ती काहिलीत सोडून निर्माल्य वेगळ्या कुंडात टाकलं आणि पुढच्या वर्षी शेजारणीनेही तेच केलं. ज्यांच्यासाठी हे केलं, त्या खालच्या गावांची नावंही अनेकींना ठाऊक नसतील.

म्हणून या इतिहासातून आम्ही तीन मागण्या काढतो. पहिली, राजापूरच्या बंधाऱ्यावर आणि दूधगंगेच्या सीमेवरच्या बंधाऱ्यांवर दोन्ही राज्यांच्या मंडळांनी एकाच दिवशी, एकत्र उभं राहून पाण्याचे नमुने घ्यावेत. एक नमुना, एक आकडा. म्हणजे 'तुमचं पाणी घाण' आणि 'आमचं पाणी साफ' हा वाद उरणार नाही. तो आकडा काठावरच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर मराठीत आणि कन्नडमध्ये लागावा. दुसरी, बरगे काढण्याआधी खालच्या गावाला कळवण्याची सक्ती व्हावी, मग ते गाव कोणत्याही राज्यातलं असो. तिसरी, 1974 च्या कायद्यातल्या तेराव्या कलमाप्रमाणे या खोऱ्यापुरतं तरी संयुक्त मंडळ नेमण्याची बोलणी दोन्ही सरकारांनी सुरू करावीत. यातल्या एकाही मागणीने सीमाप्रश्नावरचा कोणाचा दावा कमी होत नाही.

यात आपला हात कुठे पोचतो? महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत आणि कर्नाटकातही निम्म्या. म्हणजे नदीच्या दोन्ही काठांवर निर्णयाच्या खुर्चीत बायका बसलेल्या आहेत. आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची असते. तिथे हा ठराव मांडता येतो. आपल्या गावाचं सांडपाणी कुठे जातं, कोणत्या ओढ्याने जातं, नदीला कुठे मिळतं, हे सरपंचांना आणि ग्रामसेवकांना विचारता येतं. शोषखड्डे किती झाले, प्लास्टिक ओढ्यात टाकलं जातं का, सॅनिटरी पॅड कुठे जातात, हेही विचारता येतं. आणि ठरावाची एक प्रत पलीकडच्या गावाच्या पंचायतीला पाठवता येते. पत्ता माहीत नसेल, तर त्या गावात दिलेली आपली एखादी लेक असेलच. तिच्या हाती द्या.

लवादाने घरच्या पाण्याचे वीस टक्के आपल्या नावावर लिहिले आणि ऐंशी टक्के नदीच्या नावावर. नदीच्या नावावर लिहिलेलं ते पाणी कोणीतरी बाई भरते. ती कुरुंदवाडची असेल, यडूरची असेल, उगारची असेल. तिच्या घागरीत जाईल ते पाणी आपल्या मोरीतून निघतं, एवढं लक्षात ठेवून यंदाच्या उन्हाळ्यात महिला ग्रामसभेला जाऊया.